पलीकडच्या काठावरचा बल्ब

धरणाच्या काठावर घर असूनही आमच्याकडे सगळे पाण्याकडे पाठ करून जेवायला बसायचे. पुण्या-मुंबईचे लोक तेच पाणी बघायला पैसे मोजून आमच्या तंबूंत राहायला यायचे, आणि आम्ही भिंतीकडे बघत भाकरी मोडायचो. एखाद्या पाहुण्याने विचारलंच तर आई सांगायची, "वारं लागतं वो तोंडावर." वारं कसलं आणि काय. पलीकडच्या काठावर, तुंग किल्ल्याच्या अंगाला, डोंगर पाण्यात उतरतो तिथे एकच घर होतं, आणि ते माझ्या सख्ख्या आत्याचं होतं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते घर नजरेस पडायला नको असायचं. दादा पाठ फिरवून बसले की आम्हीही बसायचो. लहानपणापासून तसंच बसत आलो, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. लाजेची गोष्ट सांगायची तर ती इथूनच सांगायला हवी.

भांडण जमिनीचं होतं. आमच्या मावळात बहिणीने बापाच्या जमिनीतला आपला वाटा सोडून भावाला हक्कसोड लिहून द्यायचं ही रीतच पडून गेलेली आहे. तिला विचारत नाहीत, धरूनच चालतात. गाडीत घालून वडगावला न्यायचं, सही-अंगठा झाला की मिसळ खाऊ घालायची, साडीचोळी करायची आणि संध्याकाळच्या आत तिच्या घरी सोडायचं. हौसाआत्या दादांपेक्षा मोठी. आजी शेतात असायची, त्यामुळे दादा तिच्याच कडेवर वाढले. तीही ठरल्याप्रमाणे गाडीत बसली, वडगावला आली, आणि रजिस्ट्रार ऑफिसच्या पायरीवर थांबली. म्हणाली, "किसन, मला वाटा नगं. पर सही बी नगं. बापाच्या नावाखाली माझं नाव ऱ्हाऊ दे की कागदावर." दादांनी वाद घातला नाही. तिला त्या पायरीवर तशीच सोडून ते गाडी घेऊन एकटे परत आले. ती एसटीने, मग जीपने, मग पायी कशी घरी पोचली ते आमच्याकडे कुणी विचारलं नाही. त्या वर्षापासून भाऊबीज बंद, जाणं-येणं बंद, घरात तिचं नाव काढणं बंद. आतोबा वारले तेव्हा दहाव्यालासुद्धा आमच्यातलं कुणी गेलं नाही. आणि जिच्यावरून हे सगळं झालं त्या जमिनीवर, तिच्या सहीशिवायच, दादांनी तंबू ठोकले.

तंबू ठोकल्यावर घराचं घरपण गेलं, पण घरात जाग फार आली. पहाटे आईच्या चुलीचा धूर, मग मोठ्या पातेल्यात पोहे परतल्याचा आवाज, मग पाहुण्यांची आंघोळीच्या गरम पाण्यासाठी ओरड. दुपारी जरा सामसूम. तेवढ्यात आई आमच्यासाठी चिलापीचं कालवण करायची. धरणातला हा मासा पाहुण्यांना काटे फार म्हणून आवडत नसे, म्हणून तो आमच्या वाट्याला यायचा, आणि इंद्रायणीच्या मऊ भातावर ते तिखट कालवण घेतलं की मला जगात आणखी काही नको असायचं. संध्याकाळी कोळसे पेटायचे, स्पीकर सुरू व्हायचे, प्रत्येक तंबूवाल्याचं गाणं वेगळं. दादा पांढरा सदरा घालून पाहुण्यांमधून फिरायचे, "काय हवं-नको सांगा" म्हणायचे. माणूस वाईट नव्हता हो. पाहुण्याच्या पोराला ताप आला तर स्वतः गाडी काढून कामशेतला नेणारा माणूस. फक्त एका बाजूला त्यांची मान वळत नव्हती.

मी तेव्हा कॉलेज अर्धवट टाकून लोणावळ्याला पॉइंटवर फोटो काढायचो. नवीन लग्न झालेली जोडपी दरीकडे पाठ करून उभी राहायची, मी "सर, थोडं जवळ, मॅडम, इकडे बघा" करत फोटो काढायचो आणि त्यांचा कांदाभजीचा कागद रिकामा व्हायच्या आत प्रिंट हातात द्यायचो. मग फोनमध्येच चांगले कॅमेरे आले. लोक मला हाक मारायचे, मी धावत जायचो, आणि ते आपला फोन माझ्या हातात देऊन म्हणायचे, "भाऊ, आमचा दोघांचा एक काढता का?" गळ्यात कॅमेरा लटकवून मी दुसऱ्याच्या फोनवर फोटो काढून द्यायचो. एका पावसाळ्यानंतर हे बंद करून घरी आलो. दादा म्हणाले, "आला का पॉइंटवाला. चल, तंबूच्या मेखा मार." मेखा मारल्या. पण पॉइंटवाला हा शब्द मनाला लागून राहिला होता. असा एक तरी फोटो काढायचा की जो फोनमधून निघत नाही, असं मी मनाशी धरलं. आमच्याकडे नेमाने येणारे एक पक्षी बघणारे पाहुणे होते, त्यांनी नवीन लेन्स घेतली आणि त्यांची जुनी लांब नळीची लेन्स मला जवळजवळ फुकट दिली. ती लावली की पलीकडच्या डोंगरावरची झाडं हाताशी यायची. त्या नळीतून लांबची वीज पकडायची हे माझं वेड तिथून सुरू झालं.

वीज म्हणजे डोक्यावर कडाडणारी नाही, त्या विजेत बाहेर उभं राहण्याइतका मी वेडा नव्हतो. मला हवी होती ती लांबची. वळवाच्या दिवसांत आणि पुन्हा नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे दुपारनंतर ढग चढतात आणि दिवेलागणीला डोंगरामागे विजा नाचायला लागतात. आवाज येत नाही, नुसता उजेड. साध्या लेन्सने काढलं तर फोटोत एवढीशी रेघ येते. लांब लेन्सने काढलं तर विजेची एकेक फांदी दिसायला हवी, पण ती दिसेना. कॅमेऱ्याला आपोआप फोकस करू द्यावा तर अंधारात त्याला धरायला काही सापडायचं नाही, नुसता घर्र घर्र करत पुढेमागे फिरत बसायचा आणि तोवर वीज होऊन जायची. मग मी फोकसची रिंग हाताने पार शेवटपर्यंत फिरवून ठेवली. शेवट म्हणजे सगळ्यात लांब, हा माझा हिशोब. फोटो आले ते जाडेभरडे. वीज कसली, सुतळी पिंजल्यासारखी. आईला कौतुकाने दाखवायला गेलो. तिने हात पुसत बघितलं आणि म्हणाली, "ही ईज हाय का शिजल्याल्या शेवया?"

पुष्कळ दिवस वाया घालवल्यावर कळलं की लांब लेन्सची रिंग सगळ्यात लांबच्या फोकसच्याही पुढे फिरते. उन्हातान्हात नळी तापते, थंडीत आखडते, म्हणून बनवणारे तिला जरा मोकळीक ठेवतात. खरा लांबचा फोकस त्या शेवटाच्या किंचित अलीकडे असतो, आणि आजचा उद्या तिथेच असेल असंही नाही. त्यावर उपाय एकच. लांबवरचा एखादा स्थिर दिवा धरायचा, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो दहापट मोठा करायचा, आणि केसभर पुढे, केसभर मागे करत तो दिवा लहानात लहान, टोकदार टिंब होईपर्यंत रिंग फिरवायची. झाला की रिंगवर चिकटपट्टी लावायची आणि मग विजेची वाट बघायची. आता माझी मुलगी फोनवर बोट टेकवते आणि फोटो निघतो; तिला हे सांगितलं तर ती म्हणते, बाबा, एवढं करण्यापेक्षा ढगच जवळ बोलवायचे. पण तेव्हा मला या कामात विलक्षण गोडी लागली होती. प्रश्न फक्त दिव्याचा होता. आमच्या काठावर तंबूंच्या रंगीत माळा, त्या जवळच्या आणि लुकलुकणाऱ्या. पलीकडे सगळा काळोख. त्या काळोखात एकच बल्ब, एका पडवीत, रोज संध्याकाळी लागणारा.

पहिल्या दिवशी मी तिपाई उभी करून नळी तिकडे वळवली तेव्हा आई पाठीमागे कणसं सोलत बसली होती. तिने विचारलं, "कुनाचा दिवा हाय त्यो, ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे. दिवा तो दिवा. मला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?"

"दादांनी बघितलं तर?"

"बघू देत. मी विजेचे फोटो काढतोय."

आईने आणखी दोन कणसं सोलली. मग म्हणाली, "दिसतंय का रं कुनी?" मी म्हणालो, "अगं, बल्ब दिसतोय, बल्ब." ती उठून आत गेली. किती साधा प्रश्न होता तो, आणि मला त्याचं उत्तर देण्याआधी एकदा नजर हलवून बघण्याचीही बुद्धी झाली नाही.

मग वळवापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत, मधला मुसळधार पाऊस सोडला तर, जवळजवळ रोज संध्याकाळी मी घरामागच्या उतारावर जाऊन बसायचो. बल्ब लागला की काम सुरू. पडद्यावर त्याचा मोठा पिवळा फुगा दिसायचा, रिंग फिरवली की आक्रसत जायचा, आणि एका जागी झटकन टोक धरायचा. खात्रीसाठी एक फोटो काढायचा, बल्बची कड बघायची, बरोबर असेल तर पट्टी लावायची. कधीकधी फुगा मध्येच झाकला जायचा. काहीतरी काळपट पुढे यायचं आणि माझी लय तुटायची. मला वाटायचं पडवीत कपडे वाळत घातलेत, नाहीतर पोतं टांगलंय. मी चिडायचो. "नेमकं आत्ताच काय कडमडलं" असं तोंडाने म्हणायचो. ते काळपट जरा बाजूला सरकलं की पुन्हा बल्बला धरायचो. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

ती वीज आली ती वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी. दिवसभर उकाडा होता. पाहुणे पाण्यात पाय सोडून बसले होते. ढग तुंगच्या मागून वर आले आणि अंधार पडायच्या आधीच उजळायला लागले. आमच्याकडे विजा सुरू झाल्या की पहिलं काम मेन स्विच खाली पाडायचं. टीव्ही, फ्रीज, पंप सगळ्याची एकदा राख झालेली आहे, त्यामुळे त्यात कुणी हयगय करत नाही. दादांनी स्विच पाडला, शेजारच्या तंबूवाल्यांनीही पाडले, माळा विझल्या, स्पीकर गप्प झाले. आईने रिवाजाप्रमाणे कोयता अंगणात टाकला. आमचा सगळा काठ काळा झाला आणि पलीकडचा बल्ब तेवढा चालू राहिला. मला आनंदच झाला. मनात म्हटलं, बरं झालं, म्हातारी विसरली. फोकस नव्याने धरला, पट्टी लावली, वारं होतं म्हणून तिपाईला दगडांची पिशवी टांगली आणि कॅमेऱ्याचं दार, म्हणजे शटर, उघडं ठेवून बसलो. एक वीज डोंगराच्या मागेच राहिली. दुसरी कोपऱ्यात गेली. आणि मग तुंगच्या माथ्याच्या उजवीकडे आभाळ वरून खालपर्यंत फाटलं, आणि मला पडदा न बघताही समजलं की हिला आपण धरली. पडद्यावर बघितलं तर एकेक फांदी, फांदीची फांदी, सुईने काढल्यासारखी. खाली काळं पाणी आणि त्याच्या कडेला एवढासा पिवळा ठिपका. मी ओरडत घरात गेलो. दादांनी कॅमेरा हातात घेऊन कितीतरी वेळ बघितलं. म्हणाले, "हे तू काढलंस?" त्यांच्या आवाजात पॉइंटवाला नव्हता. माझं पोट भरलं.

दादांनीच मग टूम काढली, या विजेचा बोर्ड करायचा. पवनानगरच्या चौकात सगळ्या तंबूवाल्यांचे फ्लेक्स, त्यांवर कुठल्यातरी परदेशातले तंबू आणि गोऱ्या बायका. आपल्या बोर्डावर आपल्या धरणावरची खरी वीज, आपल्या पोराने काढलेली. मी फाईल पाठवण्याआधी संगणकावर विजेची प्रत्येक फांदी मोठी करून तपासली. फक्त विजेची. फ्लेक्स आला तो जीपएवढा. पाडव्याच्या सकाळी चौकात तो बांबूंवर चढवला, दादांनी नारळ आणला होता, चहा सांगितला होता, ओळखीपाळखीचे सगळे जमले होते. लोक मान वर करून विजेकडे बघत होते. पवनानगर ते कामशेत जीप मारणारे सलीमभाई मात्र बुटके, गर्दीत मागे पडलेले, ते पुढे येऊन फ्लेक्सच्या खालच्या कडेशी उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर तो पिवळा ठिपका आला होता, आणि त्या आकाराला तो ठिपका राहिला नव्हता.

"किसनभाऊ," ते म्हणाले, "ही तर आपली हौसाक्का हाय."

बल्बच्या खाली, पडवीच्या खांबाला टेकून एक बाई उभी होती. हाताएवढी, पण अगदी स्वच्छ. पांढरे केस, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, एका हातात काठी. दुसरा हात डोळ्यांवर आडवा, लांबचं बघताना धरतात तसा. वरच्या कौलांना ठिगळ म्हणून निळं प्लास्टिक टाकलेलं, त्याच्यावर ठेवलेला दगडसुद्धा दिसत होता. माझा फोकस इतका बरोबर होता. कॅमेऱ्याचं दार उघडं होतं तेवढा सगळा वेळ ती बाई तसूभर हलली नव्हती, नाहीतर अशी उमटलीच नसती. लोक एकेक करून खाली वाकून बघायला लागले. कुणी हसलं नाही, ते फार वाईट होतं. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "भाऊबिजंच्या तोंडावर बहिनीला बोर्डावर जागा दिली. ब्येस केलं." दादांच्या हातात नारळ तसाच होता. तो फोडावा की खाली ठेवावा हे त्यांना कळेना. सगळ्या गावाला जे माहीत होतं आणि कुणी तोंडावर बोलत नव्हतं, ते मी चौकात जीपएवढं करून टांगलं होतं, आणि तेही आमच्याच खर्चाने, आमच्याच तंबूंच्या नावाखाली. दादा फ्लेक्सच्या अगदी जवळ गेले. माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "ती आपल्याकडंच बघती व्हय रं?"

घरी आल्यावर मी संगणक उघडला. फोकस तपासायला रोज काढलेले फोटो मी आळसाने पुसले नव्हते, ते सगळे तसेच पडले होते. एकेक मोठा करत गेलो. आई पाठीशी येऊन उभी राहिली, मग दादाही आले. ती प्रत्येक फोटोत होती. ज्याला मी वाळत घातलेले कपडे म्हणत होतो, टांगलेलं पोतं म्हणत होतो, ती माझी आत्या होती. उन्हाळ्यातल्या फोटोंत ताठ उभी. पावसाच्या आधी उंबऱ्यावर बसलेली. नवरात्रात पुन्हा उभी, पण आता खांबाला टेकून आणि हातात काठी घेऊन. मधल्या पावसात कधीतरी ती पडली असणार, आणि ते आम्हाला कुणी कळवलं नव्हतं, कारण आम्हाला कळवण्याची कुणाला सोयच आम्ही ठेवली नव्हती. मी तिला रोज दहापट मोठी करून बघत होतो. कधी बल्बच्या खाली दोन बोटं नजर सरकवली नव्हती. आई म्हणाली, "मी तुला इचारलंतं, कुनी दिसतंय का." मी पुढचा फोटो उघडला. दादा मागच्या मागे बाहेर गेले. त्या दिवशी जेवताना ते पाण्याकडे तोंड करून बसले.

भाऊबिजेला आम्ही दोघे सलीमभाईंच्या जीपने पलीकडे गेलो. समोर दिसणारं घर, पण धरणाला वळसा घालून जायचं म्हणजे बराच रस्ता, आणि शेवटचा तुकडा पायी. आईने तिची न नेसलेली साडी आणि डब्यात करंज्या दिल्या होत्या. दादा वाटेत फक्त एकदा बोलले. म्हणाले, "दारातनं हाकलून दिलं तर गप परत यायचं. तिला काय बोलायचं न्हाई." मला वाटतं त्यांना तिने हाकलून द्यावं असंच हवं होतं. मलाही. ते सोपं गेलं असतं.

आत्या दारातच बसली होती, तांदूळ निवडत. दादांना बघून ती उठायला लागली, कंबरेने साथ दिली नाही, तेव्हा बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आलास व्हय. ये, बस." जसे काही दादा कालच येऊन गेले होते. दादा तिच्या पायाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "पुरं. उठ. लोक बघतील." बघायला तिथे कोंबड्यांशिवाय कुणी नव्हतं. मग माझ्याकडे नजर गेली. "ह्यो कोन? सलीमचा पोरगा का?" दादा म्हणाले, "आपला नितीन." तिने मला नीट निरखून बघितलं. तिने कडेवर घेतलेलं पोर ते मी, आता तिच्यासमोर मिशी फुटलेला उभा होतो, आणि कित्येक महिने तिला रोज बघितलेला तोच मी होतो.

तिने कोरा चहा केला. ओवाळायला तबक काढलं. त्यातलं निरांजन काळं पडलं होतं, ते पदराने पुसलं. दादांनी हक्कसोडीचा विषय काढला. म्हणाले, "आक्का, सही नगं. तुझं नाव ऱ्हातंय कागदावर. मी चुकलो." ती म्हणाली, "ते कधीच कळलंतं मला." दादांना काही समजलं नाही. मग ती कौतुकाने, जरा लाजतच, सांगायला लागली. म्हणाली, "उन्हाळ्यापासनं बगती मी. दिवं लागलं की त्या काठाला, तुज्या घरामागं, येक बॅटरी दिसायची. येका जागी. हालायची न्हाई. मी म्हनलं, ह्यो किसनच. तोंड दाखवायला लाजतोय, पर येऊन बसतोय माज्या घराकडं तोंड करून. मग मी बी पडवीत यायची. म्हनलं, दिसू दे त्याला, आक्का हाय म्हनून. परवा इजा हुत्या तरी बॅटरी हुतीच. तू तिकडं इजंत उबा, आनि मी हिकडं बटन बंद करू व्हय?"

कॅमेऱ्याची बटणं दिसावीत म्हणून तिपाईला मी बॅटरी बांधायचो, ती ही बॅटरी.

"रोज यायचास न्हवं रं?" तिने विचारलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. बोलायची वेळ माझी होती. "आत्या, ती बॅटरी माझी, मी विजेसाठी बसायचो," एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हटलं असतं तर उन्हाळ्यापासूनच्या तिच्या सगळ्या संध्याकाळी मी तिच्या हातातून काढून घेतल्या असत्या. मी करंज्यांचा डबा उघडायला लागलो. दादाच बोलले. इतकी वर्षं चुकीचं वागून मान ताठ ठेवणारा हा माणूस त्या दिवशी खोटं बोलताना मान खाली घालून बसला होता.

"व्हय," ते म्हणाले. "मीच यायचो."

आत्याने समाधानाने मान हलवली आणि चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. मग, रागाने नाही, खरंच उलगडा होत नव्हता म्हणून तिने विचारलं, "मंग येकदा तरी हाक का न्हाई मारलीस? पान्यावरनं हाक लय लांब येती, किस्ना. मी रोज कान दिऊन उबी ऱ्हायची."